गोमंतकांतील अर्धा वांटा

विवाहप्रसंगीं मुलीच्या अंगावर दागिने किती घातले, याची चर्चा घरोघर होते. परंतु सासरच्या मालमत्तेंत तिचा अधिकार कोणता, हें विचारणारे विरळा. महाराष्ट्रांतील हिंदु कुटुंबांत या प्रश्नाचें उत्तर दीर्घकाळ 'स्त्रीधन' या एका शब्दांत संपत असे. तेरेखोलची खाडी ओलांडून गोमंतकांत पाऊल टाकलें कीं उत्तर बदलतें. तेथें वधूवरांनीं लग्नापूर्वीं वेगळा करार केला नसेल, तर उभयतांची मालमत्ता समाईक होऊन तींत प्रत्येकाचा निम्मा वांटा ठरतो.

ही वहिवाट मूळची पोर्तुगालची. १८६७ च्या दिवाणी संहितेनें तिला पक्कें रूप दिलें आणि १ जुलै १८७० पासून ती संहिता गोमंतकांत अंमलांत आली. हिंदूंच्या कांहीं चालीरीती १८८० च्या हुकुमानें राखल्या गेल्या. तथापि अर्धा वांटा त्यांच्याही घरीं पोंचला. सर्व मालमत्ता विभक्त ठेवण्याची किंवा केवळ लग्नानंतरची कमाई समाईक करण्याची मुभा होती. मात्र तसा दस्त लग्नापूर्वींच नोटरीपुढें व्हावा लागे. लग्न लागल्यावर पश्चात्तापाला जागा नव्हती!

कर्जाच्या बाबतींत ही संहिता विशेष सावध दिसते. पतीचें लग्नापूर्वींचें ऋण, उभयतांच्या हितासाठीं काढलेलें नसल्यास, सामान्यतः पत्नीच्या माथीं येत नसे. लग्नानंतर तिच्या संमतीवांचून त्यानें केलेलें कर्जही, प्रपंचाच्या कामीं लागलें नसेल तर, त्याच्याच हिश्शावर पडे. घर किंवा जमीन विकावयाची तर पत्नीची सही अवश्य. परंतु एवढ्यावरून हुरळून जाण्याचें कारण नाहीं. कारभार पतीच्याच हातीं होता, आणि पत्नीला व्यवहार करावयाचा तर त्याची परवानगी लागे. मालकी निम्मी, सत्ता जवळजवळ शून्य, असा तो प्रकार होता.

खरा फरक वैधव्यांत दिसे. ब्रिटिश हिंदुस्थानांत एकत्र कुटुंबांतील हिंदु विधवेला पोटगीपलीकडे फारसें कांहीं मिळत नसे. डॉ. देशमुख यांच्या १९३७ च्या कायद्यानें तिला पतीचा हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरता. पूर्ण मालकी येण्यास १९५६ साल उजाडलें. गोमंतकांत पतीच्या मृत्यूनंतर प्रथम विधवेचा अर्धा वांटा वेगळा निघे आणि उरलेल्या अर्ध्याचाच वारसा ठरे. तिचा वांटा वारशानें आलेला नव्हताच. तो लग्नाच्या दिवसापासून तिचाच होता. पुढें पोर्तुगालांत प्रजासत्ताक आल्यावर १९१० सालीं घटस्फोटाचा कायदा झाला. काडीमोड झाला तरी समाईक मालमत्तेची वांटणी करावी लागे, रिकाम्या हातीं माहेरीं धाडण्याची सोय नव्हती.

१९६१ सालीं गोमंतक मुक्त झाला, पण १९६२ च्या अधिनियमानें हा कायदा चालूच ठेवला. मौज अशी, कीं १९६७ पासून खुद्द पोर्तुगालनें करार नसल्यास केवळ लग्नानंतरची कमाई समाईक धरण्याचा नियम केला. गुरूनें टाकलेला पाठ शिष्यानें जपला म्हणावयाचा! १९९४ सालीं भारताच्या आयकर कायद्यांतही या समाईक मालकीची दखल घेतली गेली. पगार वगळतां इतर उत्पन्न पतिपत्नींत निम्मे निम्मे धरण्याची तरतूद झाली. २०१९ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं गोमंतकीयाचें घर मुंबईंत असलें, तरी त्याचा वारसा गोमंतकाच्या संहितेप्रमाणेंच ठरेल.