एकाआड एक : मुंबईच्या प्लेगमधील रक्तद्रवाची परीक्षा

१८९७ म्हटले की रँड, चापेकर बंधू आणि 'केसरी'वरील खटला एवढेच डोळ्यांपुढे येते. त्याच प्लेगच्या काळात मुंबईतील एका रुग्णालयात मात्र वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न सोडवला जात होता. एखादे औषध खरोखर गुण देते, हे ओळखायचे कसे? हा थ्रेड त्या प्रश्नाचा आणि त्यामागे दहा वर्षे चिकाटीने लागलेल्या एका डॉक्टरचा आहे. त्यांचे नाव नसरवानजी होरमसजी चोक्सी.

आधी एक शब्दघोटाळा दूर करायला हवा. मराठीत आपण दोन अगदी भिन्न गोष्टींना 'लस' म्हणतो. देवीची किंवा पोलिओची लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. प्रतिपिंडे शरीर स्वतः तयार करते आणि त्याला काही दिवस लागतात. याउलट उत्रोलीच्या शिवारात भातकापणीच्या वेळी एखाद्याला घोणस चावली आणि भोरच्या सरकारी दवाखान्यात त्याला 'सापाची लस' दिली, तर ती लस नव्हेच. ती घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडे असतात. पहिल्या प्रकारात शरीराला लढायला शिकवतात, दुसऱ्यात उसने सैन्य पाठवतात. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतलेली प्लेगची लस पहिल्या प्रकारची होती. चोक्सींचे काम दुसऱ्या प्रकारावरचे. हाफकिन सर्वांच्या स्मरणात राहिले. चोक्सी राहिले नाहीत, आणि हा अन्याय आहे.

उसन्या सैन्याची कल्पना तेव्हा नवीनच होती. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की धनुर्वात किंवा घटसर्पाच्या विषाला सरावलेल्या जनावराचे रक्तद्रव दुसऱ्या जनावराला वाचवते. चार वर्षांत घटसर्पाचे रक्तद्रव युरोपातील रुग्णालयांत पोहोचले आणि गुदमरून मरणारी मुले वाचू लागली. साहजिकच पुढची अपेक्षा अशी की जो रोग दिसेल त्याचे जंतू घोड्याला टोचावेत, घोड्याचे रक्त काढावे आणि औषध तयार व्हावे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत, वृत्तपत्रे ग्रंथिक सन्निपात. आर्थर रोडच्या महापालिका रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, रुग्ण येऊ लागले. तेथील कारभार चोक्सींकडे होता. त्यापूर्वी ते माटुंग्याच्या महारोगी आश्रमाचे अधीक्षक होते. ज्यांना कोणी हात लावत नाही अशा रुग्णांत वावरण्याचा अनुभव त्यांना होता. तो लागणारच होता. रुग्णालयात नेऊन माणसे मारतात, अशी गिरणगावात बोलवा होती आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने रुग्णालयावर हल्लाही केला. लोक मूर्ख होते म्हणून नव्हे. आत गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नव्हते, हे ते उघड्या डोळ्यांनी पाहत होते. चोक्सींनी पहिल्या पाच महिन्यांतील ९३९ रुग्णांच्या निरीक्षणांवर अहवाल लिहिला. त्या काळच्या मुंबईतील प्लेगविषयी रुग्णाच्या खाटेशेजारून लिहिलेले इतके तपशीलवार लेखन विरळाच.

मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या जंतूचा शोध लावणारा अलेक्सांद्र येर्सिन स्वतःचे रक्तद्रव घेऊन मुंबईत उतरला. आदल्या वर्षी चीनमधील अमोय बंदरात त्याने २३ रुग्णांना ते दिले होते आणि त्यांपैकी फक्त दोघे दगावले होते. मुंबईत तो चमत्कार घडला नाही. निराश येर्सिन परतला आणि त्याच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँ यांनाही रक्तद्रवाने यश दिले नाही. (त्याच सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरील पिसवा प्लेग पसरवतात हे दाखवले. एका फसलेल्या मोहिमेतून असे काही हाती लागणे ही इतिहासाची नेहमीची खोड आहे.)

येर्सिनपाठोपाठ फ्लॉरेन्सचे प्राध्यापक अलेस्सांद्रो लुस्टिग आले. त्यांची आणि त्यांचे सहकारी गालेओत्ती यांची पद्धत वेगळी होती: अख्खे जंतू न टोचता जंतूंपासून रासायनिक रीतीने वेगळे काढलेले द्रव्य घोड्याला टोचायचे. पुढे हे रक्तद्रव मुंबईतच तयार होऊ लागले आणि ते रुग्णांना देऊन पाहण्याचे काम चोक्सींकडे आले.

येथे खरी अडचण सुरू होते. प्लेगच्या रुग्णालयात चारांपैकी जवळजवळ तीन रुग्ण मरत. समजा, रक्तद्रव दिलेल्यांत मृत्यू थोडे कमी आढळले. श्रेय औषधाला द्यायचे का? डॉक्टर माणूसच असतो. आधीच घरघर लागलेल्या रुग्णावर दुर्मीळ औषध कोण खर्च करील? तो ज्याच्यात धुगधुगी आहे त्यालाच निवडणार, आणि असा रुग्ण औषधाविनाही कदाचित वाचलाच असता. शिवाय साथ चढतीला असते तेव्हा आणि ओसरते तेव्हा मृत्यूचे प्रमाण सारखे नसते. म्हणून गेल्या महिन्याच्या आकड्यांशी या महिन्याचे आकडे ताडून उपयोग नाही.

यावर चोक्सींनी वापरलेला तोडगा साधा होता. दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी एकाआड एकाला रक्तद्रव द्यायचे. मधल्याला नेहमीचेच उपचार. निवड डॉक्टरच्या हातात नाही, दारातून येण्याच्या क्रमाच्या हातात. कोपनहेगनमध्ये योहानेस फिबिगर यांनी घटसर्पाच्या रक्तद्रवाची परीक्षा एक दिवसाआड एक या क्रमाने घेतली होती: ४८४ रुग्ण, रक्तद्रव मिळालेल्या २३९ पैकी ८ मृत्यू, न मिळालेल्या २४५ पैकी ३०. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचा गौरव जगभर होतो. चोक्सींचा लुस्टिग रक्तद्रवावरील लेख 'लॅन्सेट'मध्ये १९०० साली आला. एका वसाहतीतील महापालिका रुग्णालयात, साथीच्या ऐन धुमाळीत, जवळजवळ त्याच वेळी तेच तर्कशास्त्र वापरले जात होते.

या पद्धतीची किंमतही नोंदवायला हवी. मधल्या खाटेवरचा रुग्ण कोण होता? बहुतेकदा गरीब, अनेकदा घरच्यांच्या मर्जीविरुद्ध आणलेला. रुग्णाची संमती ही आजची कल्पना तेव्हा नव्हती आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले होते. मात्र औषध उपयोगी आहे की नाही, हेच ठाऊक नसताना ते न मिळालेल्याचे नुकसान झाले असेही म्हणता येत नाही. ही परीक्षा त्या अज्ञानातूनच निघाली होती.

निकाल मधलाच लागला. लाभ दिसला, पण बेताचा. चोक्सी थांबले नाहीत. आर्थर रोड आणि मराठा प्लेग रुग्णालयात पुढे पॅरिसच्या सुधारित रक्तद्रवाचीही त्यांनी परीक्षा घेतली आणि १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याविषयी लिहिले. त्यांचा भर वेळेवर होता: आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत दिले तर रक्तद्रव उपयोगी, जंतू रक्तात पसरल्यावर जवळजवळ निरुपयोगी. कारण उघड आहे. घटसर्पात मुख्य घातक असते ते जंतूने सोडलेले विष, आणि विष प्रतिपिंडांनी निष्प्रभ करता येते. प्लेगमध्ये जंतूच अंगभर वाढत जातो. भीतीने रुग्ण लपवणाऱ्या शहरात पहिल्याच दिवशी रुग्णालयात येणार तरी कोण? म्हणजे दडपशाहीची पद्धतच औषधाच्या आड येत होती.

प्लेगच्या रक्तद्रवाची सद्दी सल्फा औषधांनी आणि मग स्ट्रेप्टोमायसिनने संपवली. परळच्या हाफकिन संस्थेतील वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती यांचा प्लेगच्या रासायनिक उपचारांवरील लेख १९४१ चा आहे. यांतले दीक्षित म्हणजे पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झालेले डॉ. भा. बा. दीक्षित.

उसन्या प्रतिपिंडांची कल्पना मात्र टिकली. १९५२ मध्ये अमेरिकेत ऑग्डेन ब्रुटन यांना एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात प्रतिपिंडेच नसल्याचे आढळले. त्याला वारंवार न्यूमोनिया होत असे. त्यांनी त्याला दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे टोचली आणि तो सावरला. त्याच वर्षी मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. रक्तगटांच्या अभ्यासासाठी १९५७ मध्ये परळला केईएमच्या आवारात सुरू झालेल्या केंद्राचीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झाली. जन्मतःच प्रतिकारशक्ती अपुरी असलेल्या बालकांचे निदान आज तेथे होते. अशा अनेक मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर, प्रतिपिंडे द्यावी लागतात, कारण दुसऱ्याची प्रतिपिंडे शरीरात निम्मी व्हायला सुमारे तीन आठवडेच लागतात.

आणि २०२०. कोरोनातून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक रात्र-रात्र फोन करत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर परीक्षा घेतली; कोणाला प्लाझ्मा द्यायचा हे या वेळी चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने ठरले. मृत्यू कमी झाले नाहीत. तो निष्कर्षही 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्येच छापून आला, चोक्सींच्या लेखानंतर ११२ वर्षांनी.