कंकनाडीचे फादर म्युलर

आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या आम्हां धर्मगुरूंना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : ‘फादर, मी बरा होईन ना?’ त्या वेळी आमचे शब्द तोकडे पडतात आणि आम्हांस मंगळूरच्या फादर ऑगस्टस म्युलर यांचे स्मरण होते.

जर्मनीतील म्युन्स्टर येथे १८४१ साली त्यांचा जन्म झाला. मंगळूरचे मिशन येशूसंघाकडे सोपविले गेल्यावर ३१ डिसेंबर १८७८ रोजी तेथे पोहोचलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. शिक्षणाने ते धर्मगुरू, डॉक्टर नव्हेत. तरीही १८८० साली त्यांनी गोरगरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना सुरू केला आणि पुढे कंकनाडी येथे हे कार्य विस्तारले. त्यांची औषधे टपालाने दूरदूरच्या रुग्णांकडे जाऊ लागली.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ सालीच सापडला होता, परंतु खात्रीचे औषध कोठेच नव्हते. रोगाचे डाग दिसले की रुग्णाला घर आणि गाव दोन्ही पारखी होत. अशांसाठी फादरांनी १८९० साली संत योसेफाच्या नावाने कुष्ठालय उघडले. पुढे प्लेग आला. १८९६ साली मुंबईत त्याने केलेला हाहाकार सर्वश्रुत आहे. प्लेगच्या भयाने निरोगी माणसे घरे सोडून पळत आणि आजारी मागे राहत. मंगळुरात १९०२ साली फादरांनी प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारले. १९०७ साली सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ पदक दिले. १ नोव्हेंबर १९१० रोजी, सकल संतांच्या सणादिवशी, ते देवाघरी गेले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी असे रोग बरे होतात, हे आधुनिक वैद्यकशास्त्र मान्य करीत नाही. कुष्ठरोगावर खरा उपाय सापडला तो विसाव्या शतकात. बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ साली झाली. मग फादरांनी बरे केले ते काय?

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमेवर तेल व द्राक्षारस ओतल्यावर कथा संपत नाही. तो जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो व पुढील खर्चाची हमी देतो. फादर म्युलर यांनी बांधली ती अशीच उतारशाळा. तेथे टाकून दिलेल्या माणसाला अंथरूण आणि अन्न मिळाले, शिवाय त्याच्या स्पर्शाला न भिणारी माणसे मिळाली. रोग राहिला असेल. वाळीत टाकले जाण्याची वेदना तेथे शमली.

त्या उतारशाळेत १९९९ साली आधुनिक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अधिक चांगले औषध आले, तेव्हा त्यासाठी जागा तयार होती.

आजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी अजूनही नाही. मात्र ‘आम्ही येथेच आहोत,’ एवढे म्हणण्याचे व उशाशी बसून राहण्याचे धैर्य आम्ही कंकनाडीकडून शिकलो.