बोली म्हणजे आजार नव्हे

बारावी सायन्सनंतर काय करावे, याचा शोध घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना आता बी.ए.एस.एल.पी. हा कोर्स विद्यापीठांच्या वेबसाइटवर दिसू लागला आहे. श्रवण आणि वाचा-उपचाराची ही चार वर्षांची पदवी. पात्रता, इंटर्नशिप, पुनर्वसन परिषदेची नोंदणी, परदेशातल्या नोकरीची संधी हे सगळे तिथे ठळक असते. पण कोणाचे बोलणे 'बरोबर' आणि कोणाचे 'बिघडलेले' हे ठरवते कोण, हा प्रश्न आम्हाला तिथे सहसा दिसत नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे. अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९२५ साली स्थापन झाली. पुढे १९७७ मध्ये मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच नावाच्या शाळेतल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. मुलांच्या घरच्या इंग्रजीचा विचार न करता शाळेने त्यांना मागे पाडले, त्यांच्यावर अक्षमतेचे शिक्के मारले, अशी तक्रार होती. १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला: शिक्षकांनी आधी मुलांची बोली समजून घ्यावी. त्याच्या आदल्याच वर्षी कृष्णवर्णीय वाचातज्ज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली होती. १९८३ मध्ये मूळ संघटनेनेही जाहीर केले की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचादोष नाही.

आपल्याकडे म्हैसूरची संस्था १९६५ ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा. पण 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून वर्गात हसे होणारी मुले आजही आहेत. 'न' आणि 'ण'वरून आपल्याकडे जात ओळखली जाते. तो वाचादोष नाही, ती बोली आहे. याउलट ज्या मुलाला खरोखर ऐकू कमी येते, जे अडखळते, ज्याचा टाळू दुभंगलेला आहे, त्याला 'मोठा झाला की बोलेल' म्हणून घरीच ठेवले जाते. एकाला नको तो शिक्का, दुसऱ्याला हवा तो उपचार नाही. दोन्हीकडे नुकसान वस्तीचेच.

हा फरक ओळखायला बोली जाणणारा तज्ज्ञ लागतो. म्हणून या कोर्सला आपली मुले गेली पाहिजेत असे आम्ही म्हणतो. प्रवेश घेताना पगाराबरोबर हेही विचारा: राखीव जागा किती? शिष्यवृत्ती कोणती? मुलांची तपासणी कोणत्या भाषेत शिकवता? वऱ्हाडी, अहिराणी बोलणारे मूल समोर आले तर काय करता? उत्तर मिळाले नाही, तर ते शोधायला आत जा.