नोंदीतले गाव आणि ‘बलुतं’

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याला जाताना शिरूर आणि कोरेगाव भीमा मागे पडले की वाघोलीच्या अलीकडे लोणीकंद लागते. मालमोटारींच्या रांगेत गाव दिसत नाही. नावाचा फलक तेवढा दिसतो. मराठी ग्रामजीवनाच्या इतिहासात मात्र या नावाला विशेष स्थान आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्याच्या रेसिडेन्सीतील डॉक्टर थॉमस कोट्स यांनी या लोणीचा वृत्तान्त लिहिला. मुंबईच्या लिटररी सोसायटीने तो १८२३ मध्ये प्रसिद्ध केला. गावाभोवतीचा मातीचा तट, वेशी, घरे, भांडीकुंडी, औते, पिके, आहार, लग्नखर्च, आजार असे सारे त्यात आहे. बलुतेदारांची नोंद आहे, आणि बहुतेक शेतकरी सावकाराच्या ऋणात बुडालेले होते हेही आहे. इंग्रजी अमलापूर्वीचे गाव म्हणजे सुखासमाधानाचे गोकुळ, ही समजूत या एका नोंदीपुढेच डळमळते.

पुढे हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. याच काळात, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. येथे गाव प्रथमच मराठीतून, जाणत्या माणसाच्या ठसक्यात बोलू लागले. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तर कोट्सच्याच लोणीत पुन्हा पाहणी करून सव्वाशे वर्षांतील पालट १९६० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. एकाच गावाच्या अशा दोन नोंदी आपल्याकडे विरळाच.

या नोंदींचे मोल मान्य करूनही एक प्रश्न उरतो. गाव कोण पाहतो आहे? कोट्स यांच्या लेखी बलुते म्हणजे कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. आत्रे यांना त्यात कुणब्यावर पडणारा भार दिसतो. दोघांच्याही लेखनात बलुते मागायला खळ्यावर उभा राहणारा माणूस दिसतो. त्याला काय वाटते, ते ऐकू येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला स्वयंपूर्ण प्रजासत्ताक मानणाऱ्या मेटकाफच्या वर्णनाचा समाचार घेतला, तो याच उणिवेवर बोट ठेवणारा होता. १९७८ मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा हिशेबाच्या रकान्यातला हा शब्द प्रथमच घेणाऱ्याच्या हातून लिहिला गेला. वाट्याबरोबर वाट्याला येणारा अपमानही त्यात मोजला गेला.

ग्रामीण आणि दलित साहित्य हे आपल्या अभ्यासक्रमात सहसा दोन वेगळे घटक असतात. विद्यार्थी एकात पांढरी, शिवार आणि पाऊस शोधतात, दुसऱ्यात वेदना आणि विद्रोह. गाव मात्र एकच असते. कन्नड, फुलंब्री, सिल्लोडहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एकदा आपल्या गावातील बलुत्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायला सांगितले. कोणी शेरा-पायलीचे माप लिहून आणले. एका मुलीने आजीची फक्त एक अट लिहून आणली, की हे वर्गात वाचायचे नाही. आम्ही ते वाचले नाही.

त्या न वाचलेल्या पानाला आम्ही गावाच्या इतिहासाचेच साधन मानतो. म्हणून कोट्स, आत्रे आणि पवार हे एकाच तासाला, एकाच मेजावर उघडून ठेवावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. पहिल्या दोघांवाचून गावाचा हिशेब कळणार नाही, आणि तिसऱ्यावाचून तो कोणाच्या जिवावर जमत होता हे कळणार नाही.