नव्वद टक्के मध्यमवर्ग : एका बेरजेचे खंडन

जपानमध्ये नव्वद टक्के लोक स्वतःला मध्यमवर्गीय समजतात, हे विधान कित्येक वर्षे समतेचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. मला ते मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष. जपान सरकार १९५८ पासून लोकांच्या जीवनमानाची पाहणी करते. तीत वरचा, मध्यमातला वरचा, मध्यमातला मधला, मध्यमातला खालचा आणि खालचा असे पाच पर्याय असतात. मधल्या तिघांची बेरीज १९७०च्या दशकात नव्वदीला पोचली. यासुसुके मुराकामींसारख्या अर्थशास्त्रज्ञाने याच काळात 'नव्या मध्यम जनसमूहा'चा सिद्धान्त मांडला.

आता प्रश्नावली वाचा. पाचांपैकी तीन पर्यायांवर 'मध्यम'ची पाटी; खाली जायला एकच दार. शिवाय प्रश्न वर्गाचा नाहीच. इतरांच्या मानाने तुमच्या घरचे राहणीमान कसे आहे, एवढेच विचारतात. माणूस राहणीमानाबद्दल बोलतो आणि अभ्यासक त्याच्या तोंडी वर्ग घालतात. १९५८ साली, फ्रिज मोजक्याच घरांत असतानाही, ही बेरीज सत्तरीपलीकडे होती. १९९० नंतर हंगामी, कंत्राटी नोकऱ्या वाढल्या, विषमतेवर रान उठले, तरी ती नव्वदीच्या आसपासच राहिली. समाज एवढा हलूनही जो आकडा खाली येत नाही, त्यावरून समतेचा निवाडा कसा करायचा?

अमेरिकेतही हेच घडले. १९४० मध्ये 'फॉर्च्यून' मासिकाच्या पाहणीत वरचा, मध्यम, खालचा एवढेच पर्याय होते. ७९ टक्के 'मध्यम' निघाले. १९४५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सेंटर्सने 'कामगार वर्ग' हा चौथा पर्याय दिला, तेव्हा ५१ टक्के तिकडे गेले आणि मध्यम ४३ वर आला.

मग असले प्रश्नच सोडा, पगार मोजा, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीत दहा पायऱ्यांची शिडी दाखवून विचारले, तुम्ही कुठे? पैसा, शिक्षण, मानाची नोकरी ज्यांच्याकडे सर्वांत जास्त ते वरच्या पायरीवर, हे आधी सांगितलेले. खालची पायरी सांगणाऱ्यांची प्रकृतीही वाईट निघाली. आजारी माणूस स्वतःला खालीच धरणार, ही शंका रास्त आहे. पण पुढच्या वर्षांत प्रकृती कशी बदलली, याचाही अंदाज हुद्दा-शिक्षणापेक्षा या शिडीवरून चांगला आला.

म्हणून पाहणी ठेवा, बेरीज मोडा. जपानच्या त्या नव्वदीत स्वतःला 'मध्यमातला खालचा' म्हणवणारे पाचांत एकाहून अधिक होते. त्यांचा आकडा वेगळा छापा.