मांसाहारत्यागाच्या आदिवासी चळवळी, पश्चिम खानदेशातील

तापी नदीचे खोरे व सातपुड्याचा पायथा या प्रदेशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भिल्ल, गावित, कोकणा इ. आदिवासी जमातींनी मद्य व मांस सोडण्यासाठी केलेल्या सामुदायिक चळवळी. त्यांपैकी १९२२–२३ मधील देवीची चळवळ आणि १९३७–३८ च्या सुमारास तळोदे-शहादे भागात उदयास आलेला गुलाम महाराजांचा ‘आप’ संप्रदाय या दोन प्रमुख होत. हा प्रदेश त्या वेळी मुंबई इलाख्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला व १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. नंदुरबार तालुक्यातील धानोरा व त्याच्या परिसरातील गावे गुजरातला लागून असलेल्या ज्या आदिवासी पट्ट्यात येतात, त्या पट्ट्याचा हा इतिहास आहे. मांसाहार, शाकाहार व पर्यावरण यांविषयी आज जगभर चाललेल्या वादाच्या दृष्टीनेही तो उद्‌बोधक आहे. कारण मांस खावे की न खावे, हा प्रश्न येथील लोकांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच उपस्थित केला होता, आणि त्याची कारणे आजच्या कारणांहून अगदी वेगळी होती.

पार्श्वभूमी : या भागातील आदिवासींचा आहार मुख्यतः वनस्पतिजन्यच होता व आहे. ज्वारी, मका, भगर, तूर, उडीद, अंबाडी व पावसाळ्यातील रानभाज्या हे त्यातील नेहमीचे पदार्थ. उन्हाळ्यात मोहाची फुले व कंदमुळे यांचा आधार असे. नदीनाल्यांतील मासे व खेकडे आणि रानातील लहानसहान शिकार यांची त्यास जोड मिळे. कोंबडी किंवा बोकड हे रोजचे अन्न नव्हते. सण, नवस, लग्नकार्य किंवा पाहुणा आला म्हणजेच ते कापले जाई. वाघदेवाची पूजा, इंदल यांसारख्या विधींत कोंबड्या-बोकडांच्या बळीला व मोहाच्या दारूला महत्त्वाचे स्थान होते. सातपुड्यातील आदिवासींची कुलदेवता याहामोगी हिलाही हाच नैवेद्य दाखविण्याची प्रथा आहे. अशा समाजाने मांस व मद्य सोडणे म्हणजे केवळ आहारात बदल करणे नव्हते; देवाशी व भाऊबंदांशी असलेल्या संबंधांची घडी बदलणे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन कायद्यांनी येथील जीवनाची चौकट पालटली. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगले राखीव करण्यात येऊन गुरे चारणे, लाकूडफाटा आणणे, शिकार करणे यांवर निर्बंध आले. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी अधिनियमाने घरोघरी मोहाची दारू गाळण्यास बंदी झाली व दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. दक्षिण गुजरात व ठाणे या भागांत हे मक्ते मुख्यत्वे पारशी व्यापाऱ्यांकडे होते. जी वस्तू घरी होत असे ती उधारीवर मिळू लागली. उधारीचे कर्ज झाले आणि कर्जापोटी जमीन गेली. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाने ही प्रक्रिया अधिकच वेगवान केली. तापीकाठची सुपीक काळी जमीन सावकार व सधन शेतकरी यांच्या हाती एकवटत गेली आणि मूळचे कसणारे तिच्यावर सालदार किंवा मजूर म्हणून राबू लागले.

देवीची चळवळ : इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा मागोवा घेतला आहे. त्यांच्या मते तिचा उगम आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळी या मासेमार समाजात झाला. १९२२ च्या सुमारास तेथे देवीची साथ आली असता तिच्या शांतीसाठी झालेल्या विधींत अंगात आलेल्या स्त्रियांच्या तोंडून मद्य, मांस व मासे सोडण्याची आज्ञा झाली. ज्यांचा चरितार्थच मासेमारीवर होता, त्यांच्यात ही आज्ञा प्रकट व्हावी ही लक्षणीय गोष्ट होय. तेथून ही देवी डोंगरपट्ट्यात शिरली व नासिक, डांग, सोनगड, सुरत असा प्रवास करीत पश्चिम खानदेशात आली. गुजरातमध्ये ती ‘सलाबाई’ या नावाने ओळखली गेली.

देवीच्या आगमनाची पद्धत सर्वत्र जवळजवळ सारखी होती. एखाद्या गावाबाहेर मांडव घातला जाई व आसपासच्या खेड्यांतील लोक तेथे जमत. अंगात आलेली माणसे हातात लाल फडके धरून घुमू लागत व त्या फडक्यावर जणू लिहिलेल्याच आज्ञा वाचून दाखवीत : दारू व ताडी पिऊ नका, मांस-मासे खाऊ नका, रोज अंघोळ करा, घरदार स्वच्छ ठेवा, दारूच्या मक्तेदाराकडे कामाला जाऊ नका. ज्यांच्या अंगात येई ती साधी माणसे असत. कोणी गुरू किंवा पुरोहित त्यांच्यामागे नव्हता. देवी एका गावातून पुढच्या गावाकडे पोहोचविली जाई. लोकांनी पाळलेल्या कोंबड्या व शेळ्या विकून टाकल्या किंवा सोडून दिल्या. दारूचा खप एकाएकी घसरला व त्यामुळे मक्तेदार आणि अबकारी खाते दोघेही चिंतेत पडले.

महात्मा गांधी मार्च १९२२ पासून येरवड्याच्या तुरुंगात होते. तथापि देवीच्या आज्ञांत लवकरच त्यांचे नाव मिसळले. गांधी विहिरीत सूत कातताना दिसतात, अशी वदंता पसरली आणि खादी वापरण्याच्या व सूत कातण्याच्या आज्ञाही होऊ लागल्या. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी या जागृतीची दखल घेतली व जानेवारी १९२३ मध्ये सुरत भागातील शेखपूर येथे वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आदिवासींची परिषद भरली. चळवळ सुरू झाल्यानंतर काँग्रेस तिच्याकडे आली, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

ही लाट फार काळ टिकली नाही. काही महिन्यांतच पुष्कळ ठिकाणी लोक पूर्वीच्या आहाराकडे वळले. गुजरातच्या बाजूस व्रत पाळणारे ते ‘वरजेला’ व पूर्ववत राहणारे ते ‘सरजेला’ असे दोन तट पडले आणि त्यांच्यातील जेवणावळी व सोयरिकी यांवरही त्याचा परिणाम झाला.

आप संप्रदाय : तळोदे तालुक्यातील मोरवड (नंतरचे रंजनपूर) येथील गुलाम महाराज हे भिल्ल समाजातील संत. १९३७–३८ च्या सुमारास त्यांच्या आरतीसाठी हजारो आदिवासी सोमवारी जमू लागले. दारू व मांस सोडणे, स्नान, स्वच्छता, चोरी न करणे व एकमेकांस ‘आप’ असे आदरार्थी संबोधणे ही त्यांची शिकवण होती. ज्यांना गावात आजवर एकेरीनेच हाक मारली जात असे, त्यांनी परस्परांस आदराने संबोधावे, यातच या संप्रदायाचे मर्म आहे. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले व त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी नेतृत्व स्वीकारले. व्रतस्थ मजूर कर्ज काढीनासे झाले व एकजुटीने वागू लागले. त्यामुळे जमीनमालक व प्रशासन या मेळाव्यांकडे संशयाने पाहू लागले.

याच भागात १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते व बाहेरून आलेले तरुण यांनी मजुरी व जमीन यांचे प्रश्न हाती घेतले. शहादे भागातील आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडले. दारूबंदीचा धागा देवीच्या चळवळीपासून येथपर्यंत अखंड दिसतो. मांसत्यागाची मागणी मात्र या टप्प्यावर मागे पडलेली दिसते.

अर्थनिर्णय : समाजशास्त्रज्ञ एम्. एन्. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या संकल्पनेनुसार खालच्या मानलेल्या जाती वरिष्ठ जातींचा आचार स्वीकारून प्रतिष्ठा मिळवू पाहतात. राजस्थान-गुजरात सीमेवरील गोविंद गुरूंचा भगत पंथ व छोटा नागपूरमधील ताना भगत यांच्याप्रमाणेच खानदेशातील चळवळींचाही असा अर्थ लावला जातो. हार्डिमन यांना तो अपुरा वाटतो. वाणी, ब्राह्मण व सधन शेतकरी यांच्या श्रेष्ठत्वाचे गमक मानले जाणारे आचार आदिवासींनी आपलेसे केले, ते त्या वर्गांत सामावण्यासाठी नव्हे, तर त्यांचे वर्चस्व हिरावून घेण्यासाठी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मक्तेदाराकडे कामाला न जाण्याची आज्ञा मांसत्यागाच्या आज्ञेबरोबरच दिली जात असे, ही गोष्ट या मताला पुष्टी देते. प्राणिदया किंवा जंगलाचे रक्षण ही कारणे या चळवळींत प्रमुख नव्हती. कर्जातून सुटका व माणूस म्हणून मान, हे त्यांचे उद्दिष्ट होते.

वने, कायदा व आहार : व्रताने जे कायमचे सुटले नाही, ते वनांच्या ऱ्हासाने व कायद्याने बरेचसे सुटले. १९२७ च्या वन अधिनियमाने राखीव वनांतील शिकार, मासेमारी, पाण्यात विष कालवणे व सापळे लावणे नियमांनी जखडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बहुतांशी थांबली. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी हे उपाय आवश्यक होते. परंतु गरिबाच्या पानातील मांसाचा एक फुकट स्रोत त्यामुळे बंद झाला. शेळी हेही वादाचे एक कारण ठरले. रोपे खाऊन ती जंगल उजाड करते, असा वनखात्याचा जुना आक्षेप होता. उलट, जमीन नसलेल्या कुटुंबाला अडचणीच्या वेळी हाती पैसा देणारे तेच एक जनावर होय, असे पशुपालकांच्या बाजूने मांडले जाई. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नदी गेली व जलाशय आला. त्यातील मासेमारी हे आता काठावरच्या कुटुंबांच्या अन्नाचे व उत्पन्नाचे एक साधन आहे.

पर्यावरणाच्या अंगाने मांसाहारावर होणारी आधुनिक टीका या इतिहासाहून स्वतंत्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ च्या अहवालात मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १८ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचे म्हटले. २०१३ मध्ये हा अंदाज १४·५ टक्के व २०२३ मध्ये सु. १२ टक्के असा सुधारण्यात आला. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात निर्माण होणारा मिथेन, चाऱ्यासाठी होणारी जंगलतोड व शेणखताची विल्हेवाट ही त्याची मुख्य कारणे होत. म्हणून मांस कमी खावे किंवा दुधासह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करावेत, असे मत पाश्चात्त्य देशांत व भारतातील शहरांतही प्रबळ होत आहे.

हे मत नंदुरबारच्या संदर्भात तपासताना काही भेद करावे लागतात. अमेरिकेत माणशी मांसाचा वार्षिक पुरवठा १०० किग्रॅ.हून अधिक, तर भारतात तो ५ किग्रॅ.च्या आसपास आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. १९ कोटी गायी-बैल, ११ कोटी म्हशी व १५ कोटी शेळ्या आहेत. त्यांतील गायी-म्हशी मुख्यतः दूध व शेतीकाम यांसाठी पाळल्या जातात; तेव्हा दूध पिणारा शाकाहारीही मिथेनच्या हिशेबातून सुटत नाही. वनस्पतिजन्य अन्न तेवढे निसर्गाला सोसवणारे असेही सरसकट म्हणता येत नाही. तापीकाठचा ऊस, केळी व पपई यांना लागणारे पाणी आणि डोंगरावरील कोरडवाहू ज्वारी यांच्यात मोठे अंतर आहे.

उत्पादनपद्धतीतील भेदाचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यातील नवापूर येथे मिळते. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील कुक्कुटपालन केंद्रांत भारतातील पक्षिज्वराचा पहिला उद्रेक आढळला. त्यानंतर लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. त्यांत व्यापारी केंद्रांतील पक्ष्यांबरोबर परिसरातील आदिवासींच्या अंगणातील कोंबड्याही गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच ठिकाणी पक्षिज्वर पुन्हा उद्‌भवला. हजारो पक्षी एका छपराखाली कोंडणारे कुक्कुटपालन आणि उकिरड्यावर टिपून जगणारी चार कोंबड्यांची घरगुती पैदास यांना पर्यावरणाचा एकच निकष लावता येत नाही; तथापि रोगाचे संकट आले असता दोहोंना एकच नियम लागू झाला.

बालकांचा आहार : या वादात आज सर्वांत अधिक पणाला लागले आहे ते मुलांचे आरोग्य. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार नंदुरबार जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा पूर्ण आहार आणि लहान मुलांना अंडी, किंवा अंडी न खाणाऱ्यांना केळी, देण्याची तरतूद आहे. शाळेतील पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. त्यास काही शाकाहारी गटांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबविण्यात आला. ज्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पृथ्वीच्या स्वास्थ्यासाठी मांस कमी करण्याची शिफारस केली, त्यानेही कुपोषित प्रदेशांतील मुलांना प्राणिज अन्नाची गरज असू शकते, हे मान्य केले आहे.

समालोचन : पश्चिम खानदेशातील चळवळींचा बोध शाकाहाराच्या किंवा मांसाहाराच्या बाजूने सरळ काढता येत नाही. १९२२ मध्ये मांस सोडणाऱ्यांनी ते कोणाच्या उपदेशावरून किंवा कायद्याच्या धाकाने सोडले नाही. आपल्या देवीच्या आज्ञेने, आपल्या मांडवात बसून सोडले. पुढे ज्यांनी ते पुन्हा सुरू केले त्यांनीही आपल्याच विचाराने केले. त्या त्यागातून त्यांना प्रतिष्ठा व कर्जमुक्तीची आशा मिळत होती. आज त्याच लोकांच्या ताटाविषयी निर्णय होतात ते बहुधा दूरच्या शहरांत, आणि पर्यावरणावर ज्यांच्या मांसाहाराचा भार सर्वांत कमी, त्यांच्याच मुलांचे अंडे वादग्रस्त ठरते. आहार व पर्यावरण यांचा मेळ घालताना कोण किती खातो, ते कसे निर्माण होते आणि ते सोडण्याचा निर्णय कोणाचा, या तिन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावा लागतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.