तिसरा रिचर्ड, डॉ. लिटल आणि बाळंतपणावरचा आरोप

१/७
शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड रंगमंचावर येतो तो स्वतःच्या व्यंगाचा पाढा वाचतच : अपुऱ्या दिवसांचा, अर्धवट घडलेला, लंगडा. २ ऑक्टोबर १८६१ रोजी लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी याच राजाचा दाखला दिला.

२/७
लिटल अस्थिव्यंगतज्ज्ञ होते. बालपणीच्या आजाराने त्यांचे स्वतःचे पाऊल वाकडे झाले होते. जर्मनीतील शस्त्रक्रियेने ते सुधारले. त्यांचे प्रतिपादन असे : अवघड प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना कोंडलेला श्वास यांमुळे मेंदूला इजा होते व मुलाचे हातपाय ताठरतात. पुढे या अवस्थेला ‘लिटलचा विकार’ म्हणू लागले. आज आपण तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतो.

३/७
मूल जगले की प्रसूती पार पडली, असे मानण्याच्या काळात जगलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न लिटल यांनी विचारला. त्यांचे श्रेय मोठे आहे. पण त्यांच्या उत्तराने दोषाची बोटे प्रसूतीच्या त्या काही तासांकडे वळवली : सुईणीच्या हाताकडे, डॉक्टरच्या चिमट्याकडे.

४/७
१८९७ मध्ये व्हिएन्नातील एका मज्जातंतुतज्ज्ञाने शंका काढली. गर्भातच काही बिघडले असेल, तर प्रसूती अवघड होणे हे कारण नसून त्याच बिघाडाचे लक्षण नसेल कशावरून? त्या तज्ज्ञाचे नाव सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाच्या कीर्तीखाली त्याचे हे काम झाकले गेले.

५/७
अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात पन्नास हजारांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि त्या मुलांची वाढ तपासली गेली. १९८० च्या दशकात निष्कर्ष आले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक मुलांचा श्वास जन्मताना गंभीरपणे कोंडलेला नव्हता, आणि प्रसूतीत अडचण आलेली बहुतेक मुले पुढे निरोगी निघाली. जन्मतः फार कमी वजन हा धोका मात्र ठळक राहिला; तेवढ्यापुरते लिटल खरे ठरले.

६/७
म्हणून जन्मकाळची इजा ही कल्पना खोटी ठरत नाही. मूल पायाळू असेल, फार वजनदार असेल, आईला मधुमेह असेल किंवा बाळाचा खांदा अडकला, तर मानेजवळच्या नसा ताणल्या जाऊन हात लुळा पडू शकतो. श्वास फार वेळ कोंडला तर मेंदूलाही इजा होते. प्रत्येक व्यंगाचा उगम मात्र तिथे नसतो.

७/७
आणि रिचर्ड? थॉमस मोर त्याला पायाळू म्हणतो, जॉन राउसच्या मते तो दोन वर्षे गर्भात होता, शेक्सपिअर त्याला अपुऱ्या दिवसांचा ठरवतो. २०१२ मध्ये लेस्टरला त्याचा सांगाडा सापडला. कणा वाकडा होता, पण तो वाकला दहाव्या वर्षानंतर; हातापायांची हाडे धड होती. व्यंग पाहून जन्मकथा रचली गेली होती. आधी घडले म्हणून तेच कारण, हा मोह इतिहासकारालाही होतो. बाळंतपणाच्या बाबतीत त्याची किंमत सुईणीने मोजली, डॉक्टरांनी मोजली, आणि आपलेच काही चुकले असे आयुष्यभर मानणाऱ्या आयांनीही.